शेवटच्या पानावरची सही

संशोधनासाठी निधी मागायचा अर्ज पहिल्यांदा लिहिताना माणसाला उत्साह असतो, दुसऱ्यांदा राग असतो, तिसऱ्यांदा जिद्द असते. चौथ्यांदा काहीच नसतं. चौथ्यांदा माणूस फक्त समास मोजतो. बाई समास मोजत होत्या, कारण गेल्या खेपेला संशोधन कार्यालयातल्या कारकुनाने डावीकडचा समास अर्ध्या बोटाने कमी भरला म्हणून अख्खा अर्ज परत पाठवला होता. तो पुन्हा छापून पाच जणांच्या सह्या गोळा करताना त्यांच्या नाकी नऊ आले होते.

बाई म्हणजे धातूंच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. प्रमुख आपलं म्हणायचं. प्रयोगशाळेत माणसं दोनच, एक बाई आणि दुसरे मिस्त्री. काम असं, की पोलादाचा बोटाएवढा तुकडा यंत्रात धरायचा, तो लाखो वेळा वाकवायचा आणि तुटण्याआधी तो काय कुरकुर करतो ते ऐकायचं. पूल, क्रेन, विमानाचे पंख, सगळं एक दिवस थकून तुटतं. पण तुटण्याआधी फार बारीक आवाजात सांगतं, असं बाईंचं म्हणणं. ते सांगणं वेळेत ऐकू आलं तर माणसं वाचतील.

"लोखंडाच्या थकव्याची एवढी काळजी, आणि स्वतःचं तोंड बघ जरा आरशात," आई म्हणायची. आईच्या लेखी अर्ज म्हणजे परीक्षा. निकालाचं पत्र आलं की ती विचारायची, "काय गं, या वेळी तरी पास?" बाईंनी नुसती मान हलवली की ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणायची, "शाळेत पहिला नंबर कधी सोडला नाही हिने."

पहिल्या वर्षी परीक्षकांनी लिहिलं, 'कल्पना उत्तम, पण पुरावा नाही.' मग बाईंनी आणि मिस्त्रींनी जुन्या यंत्राची डागडुजी केली आणि दोघं पुरावा गोळा करायला लागले. दुसऱ्या वर्षी उत्तर आलं, 'पुरावा अपुरा.' तिसऱ्या वर्षी, 'पुरावा आशादायक, पण अपुरा.' बाईंनी ते पत्र खणात टाकलं आणि त्यानंतर आठच दिवसांनी मिस्त्रींनी केबिनच्या दारात येऊन सांगितलं, "बाई, दोनशेवा तुटला. बरोबर सांगितल्या वेळेला."

दोनशे तुकडे. अर्जात तीन वर्षांत करू म्हणून लिहिलेलं काम या दोघांनी एकाही परीक्षकाच्या मदतीशिवाय करून टाकलं होतं. बाईंना त्या दिवशी हसावं की रडावं ते कळेना.

शेजारच्या विभागातले एक ज्येष्ठ प्राध्यापक होते, पाच प्रकल्प खिशात घालून फिरणारे. चहाच्या टेबलावर त्यांनी बाईंना शहाणपण शिकवलं. "अहो, काय करायचंय ते अर्जात लिहितात का कधी? जे करून झालंय ते 'करणार' म्हणून लिहायचं. परीक्षकांना खात्री हवी असते, आणि झालेल्या कामाइतकी खात्री कशात असते? निधी आला की त्यातून पुढचं काम करायचं. पुढच्या अर्जात ते लिहायचं. आम्ही वीस वर्षं हेच करतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

बाईंना हे पटलं नाही. पण तीनदा तोंडघशी पडलेल्या माणसाला न पटणाऱ्या गोष्टीही करता येतात. आणि प्रश्न त्यांचा एकटीचा नव्हता. मिस्त्रींची जागा प्रकल्पाची, कायमची नव्हे. जुना प्रकल्प कधीच संपला होता. दर वर्षी हातापाया पडून बाई त्यांना वर्षाची मुदत मिळवून द्यायच्या. या वर्षी कार्यालयाने लेखी कळवलं होतं की नवा निधी आला नाही तर महिनाअखेरीला जागा रद्द. मिस्त्रींच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. त्या वयाच्या, यंत्रावर हात ठेवून 'हा उद्या दुपारपर्यंत जाईल' असं सांगणाऱ्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? तो गुण कुठल्या प्रमाणपत्रावर लिहिलेला नसतो.

म्हणून चौथ्या अर्जात दोनशे तुकड्यांचं काम 'पहिल्या तीन वर्षांत हाती घेण्यात येईल' असं लिहिलं गेलं.

अडचण एकच होती, वह्या. प्रयोगाची वही शाईने लिहायची, खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एकच आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि काम संपलं की शेवटच्या पानावर 'काम पूर्ण' लिहून तारीख घालायची, खाली दोघांच्या सह्या. हा नियम बाईंनीच अठरा वर्षांपूर्वी मिस्त्रींना घालून दिला होता आणि मिस्त्रींनी तो देवासारखा पाळला होता. दोनशेवा तुकडा तुटल्यावर ते वही घेऊन सहीला आले, तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू दे अजून." पुन्हा पंधरा दिवसांनी आले, तेव्हाही तेच. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. शेवटचं पान वर्षभर कोरं राहिलं.

खरं काय ते मिस्त्रींना सांगायला हवं होतं. बाई रोज ठरवायच्या आणि रोज टाळायच्या. ज्याला अठरा वर्षं खरं लिहायला शिकवलं, त्याला 'आता जरा गप्प बसा' असं कुठल्या तोंडाने सांगायचं?

चौथा अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला. समिती प्रयोगशाळा बघायला येणार असं कळलं, तेव्हा बाईंनी पळवाट काढली. त्या सकाळी त्या म्हणाल्या, "मिस्त्री, यंत्राचं ऑइल संपत आलंय. जरा मोठ्या दुकानातून आणता? तिथे मिळेलच असं नाही, शोधावं लागेल थोडं."

मिस्त्रींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "आणतो की," म्हणाले आणि पिशवी घेऊन निघाले.

समितीत तिघं होते. पांढऱ्या मिशांचे अध्यक्ष, एक भराभरा टिपणं घेणाऱ्या प्राध्यापिका आणि एक जांभया आवरणारे गृहस्थ. बाईंनी यंत्र दाखवलं, पडद्यावर आलेख दाखवले, पाठ केलेली वाक्यं म्हटली. सगळं सुरळीत चाललं होतं. अध्यक्षांनी यंत्राच्या जबड्यावर बोट फिरवून विचारलं, "तुमच्या पहिल्या तीन वर्षांचं उद्दिष्ट दोनशे तुकड्यांचं. एवढ्या एका यंत्रावर ते होईल, असं कशावरून म्हणता?"

बाईंनी तोंड उघडलं, पण उत्तर दारातून आलं.

"होतं, साहेब. एका तुकड्याला दोन दिवस, कधी तीन. मशीन मधे एकदा बिघडलं होतं, तरी आमचे दोनशे तुकडे दोन वर्षांत झाले."

मिस्त्री उभे होते. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले, हातात ऑइलचा डबा.

"ते प्राथमिक स्वरूपाचं होतं," बाई म्हणाल्या. आपला आवाज आपल्यालाच ओळखू येत नाही, असं त्यांना वाटलं.

"नाही बाई, पक्कं. प्रत्येक पानावर तुमची सही आहे." मिस्त्रींनी डबा खाली ठेवला, कपाट उघडलं आणि पाहुण्यांना नीट दिसावं म्हणून बाजूला झाले. दोनशे तुटके तुकडे, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. त्यांच्या खाली सात वह्या. "तुटायच्या आधी आम्ही सांगितलेली वेळ एका रकान्यात, खरी वेळ दुसऱ्यात. बघा ना, साहेब."

टिपणं घेणाऱ्या प्राध्यापिकांची लेखणी थांबली. जांभया देणारे गृहस्थ खडबडून जागे झाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. अध्यक्षांनी एक वही घेतली आणि बराच वेळ पानं उलटली. ज्या माणसाने आयुष्यभर वह्या भरल्या असतील तोच इतक्या हळू उलटेल. मग त्यांनी एक तुकडा उचलला, त्याची दोन टोकं एकमेकांना जुळवून पाहिली आणि जागच्या जागी ठेवला.

निघताना दारात ते बाईंना हलक्या आवाजात म्हणाले, "फार चांगलं काम आहे. आमच्याकडेही असंच कपाट आहे. आम्ही कुलूप लावतो."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. संध्याकाळी आईने विचारायच्या आत बाईंनीच सांगून टाकलं, "नापास." आईने पहिल्यांदाच शाळेतल्या नंबराचं नाव काढलं नाही. पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई प्रयोगशाळेत आल्या. यंत्र बंद होतं आणि मिस्त्री त्याचा जबडा पुसत होते. बाईंनी चारही पत्रं टेबलावर ओळीने मांडली. पहिलं, पुरावा नाही. दुसरं, अपुरा. तिसरं, आशादायक पण अपुरा. आणि चौथं: 'प्रस्तावित काम यापूर्वीच पूर्ण झाले असल्याने निधीची आवश्यकता दिसत नाही.' तेलही गेलं, तूपही गेलं. 'पुरावा नाही'पासून 'काम झालं'पर्यंतच्या चार वर्षांत 'आता द्यावा' असा एकही दिवस कुणाला सापडला नव्हता.

"महिनाअखेरीला तुमची जागा जाणार, मिस्त्री," बाई म्हणाल्या. "मला वाचवता आली नाही."

मिस्त्रींनी हात पुसले आणि पत्रं वाचली, चारही, क्रमाने. शेवटच्यावर बोट ठेवून ते थांबले.

"म्हणजे काम झालंय, हे आता त्यांना मान्य आहे."

"हो."

"मी बोलायला नको होतं का त्या दिवशी?"

बाईंनी पहिली तीन पत्रं गोळा केली. मिस्त्री खाली बसले. "ऑइलचे दोन भरलेले डबे कपाटात होते, बाई. तुम्हालाही ते ठाऊक होतं. मला वाटलं, मोठी माणसं येणार आणि माझे कपडे असे कायम तेलकट, म्हणून तुम्ही मला बाहेर पाठवलंत. तेही बरोबरच होतं म्हणा. म्हणून आधी घरी गेलो. बायकोकडून शर्टाला इस्त्री करून घेतली, दुकानातून डबा घेतला आणि मग आलो. तुम्हाला खाली बघायला लागू नये म्हणून."

चार वर्षांत चार अर्ज लिहिताना त्यांना कधी रडू आलं नव्हतं, ते आता आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"तुमच्या कपड्यांची लाज नव्हती हो, मिस्त्री. मी काय लिहून बसले होते त्याची लाज होती. झालेलं काम मी व्हायचंय म्हणून लिहिलं होतं. तुम्ही खोटं बोलणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून तुम्हाला पाठवलं."

मिस्त्री रागावले नाहीत. रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं. मग ते उठले, कपाटातून सातवी वही काढून आणली आणि शेवटचं कोरं पान उघडलं. पेन झटकून त्यांनी आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'काम पूर्ण'.

"तारीख कुठली घालू? संपलं त्या दिवसाची की आजची?"

"संपलं त्या दिवसाची," बाई म्हणाल्या. "ती खरी."

त्यांनी वर्षभरापूर्वीची तारीख घातली, खाली आपली सही केली आणि वही पुढे सरकवली. बाईंनी सही केली. मग सहीशेजारी आजची तारीख घातली, म्हणजे पुढे कधी कुणी ही वही उघडली तर त्याला कळेल की मधलं वर्ष कुणी दाबून ठेवलं होतं. शाई वाळेपर्यंत दोघंही वही न मिटता थांबली.