अडगळीच्या खोलीची कडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे आणि जे सांगणार आहे, ते अभिमानाने सांगण्यासारखे नाही.

लोहाराने मला तापवून वाकवले, तेव्हा वाटले होते, आपण चोराला अडवू, वादळात दार धरून ठेवू. पण मला ठोकले ते एका घरातल्या अडगळीच्या खोलीला, बाहेरच्या बाजूने. आत चिंध्यांची पोती आणि एक मोडके स्टूल. घरातली आई शिवणकाम करी. दिवसभर मशीन चाले, गिऱ्हाइके येत. तिची लेक ठमी, चार वर्षांची. ती रडू लागली की आई तिला आत ठेवी आणि मला लावी.

"रडून झालं की दारावर टिचकी मार. मग उघडते."

पहिल्या दिवशी ठमीने अर्धा तास दार बडवले. प्रत्येक धक्क्याने मी कोयंड्यात थरथरले, पण सुटले नाही. पुढे अर्ध्या तासाची दहा मिनिटे झाली, दहाची दोन. टिचकी वाजे तेव्हा हुंदका संपलेला नसे. ती तो गिळत असे. फळीतून मला ते कळे.

एकदा एक गिऱ्हाईक मावशी म्हणाल्या, "काय गुणाची पोर हो! आमचा दांडगोबा घर डोक्यावर घेतो."

आई हसली. "ती कडी बघा. तीच माझी सासूबाई! अर्धी पोर तिनंच वाढवलीय."

त्या दिवशी मला तेल मिळाले. मी सुखावले. त्या सुखाचीच मला आज सर्वांत जास्त लाज वाटते.

ठमी सहा वर्षांची झाली. एका दुपारी ती शाळेतून आली, ती एक हात दुसऱ्या हाताने धरूनच. आईच्या मशीनजवळून पुढे गेली, खोलीत शिरली आणि त्या दिवशी घरीच असलेल्या वडिलांना म्हणाली, "बाबा, कडी लावा ना."

"का गं? हाताला काय झालंय? बघू."

"आधी रडून घेते, मग दाखवते. लवकर लावा, आईकडे गिऱ्हाईक आहे."

मशीन थांबले. आई धावत आली, चिंध्यांवर बसली, तिला कुशीत ओढले. "इथंच रड, राणी. माझ्याजवळ."

ठमी ताठ बसून राहिली. "पण आई, दार उघडं आहे."

रडू आलेच नाही. मोडलेले हाड बसवतानाही ती हूं की चूं करीना. डॉक्टर म्हणाले, "शूर आहे हो मुलगी!" आणि आईलाच हुंदका फुटला, असे वडील मला उचकटून काढताना स्वतःशीच पुटपुटत होते.

आता मी रिळांच्या खणात पडून आहे. मशीन मध्येच थांबते, तेव्हा मला कळते, आई काम टाकून ठमीजवळ खाली बसली आहे. कधी रडणे ऐकू येते, कधी नुसतीच शांतता. आई तरीही उठत नाही.

मित्रांनो, मी नुसती कडी होते, असे म्हणून माझी सुटका होत नाही. तुम्हाला रडू आले, तर कुणाच्या तरी शेजारी बसून पुरते रडा. आणि कुणी मला पुन्हा तसल्या दाराला लावू पाहिले, तर सांगा, तिला गंजू द्या.