सातवी खूण

दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटांनी, तिसऱ्या अंकात, पदच्युत राजाने डोक्यावरचा मुकुट काढून हातात धरला आणि तो गप्प राहिला.

डाव्या विंगेत स्टुलावर वही घेऊन बसलेला प्रॉम्प्टर म्हणजे राजाचं काम करणाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षं तो याच स्टुलावरून दादाला वाक्यं पुरवत आला होता. पूर्वी महिन्यातून एखादं, आता प्रयोगात चार-पाच.

कंपनीचा नियम साधा होता. वाक्य पुरवावं लागलं की वहीच्या समासात पेन्सिलीने खूण करायची. एका प्रयोगात सात खुणा झाल्या की भूमिका दुसऱ्याकडे. नियम दादाचाच. ऐन भरात असताना त्याने तो केला आणि त्यावर बोट ठेवून आपल्या म्हाताऱ्या गुरूला याच सिंहासनावरून खाली उतरवलं. गुरूच्या खुणा धाकट्यानेच केल्या होत्या, एकही न गाळता. दादासाठी मात्र तो गेले दोन महिने खोडरबर खिशात घेऊन फिरत होता.

आज खोडाखोड करूनही समासात सहा उरल्या होत्या.

समोर बंडखोर सेनापतीच्या वेशात दादाचा जावई हात पुढे करून उभा. या जागी दादा नेहमी थोडा थांबे. धाकटा मनात पाच आकडे मोजे. आज तो आठवर पोचला. नवाला त्याच्या तोंडून वाक्य निसटलं, ते थेट तिसऱ्या रांगेपर्यंत: “मुकुट घ्या, डोकं तेवढं माझं राहू द्या.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग अख्खं थिएटर हसलं.

दादाने मान वळवून विंगेकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. मग तेच वाक्य शब्द न शब्द म्हणून त्याने मुकुट दिला.

पडदा पडताच कंपनी सांभाळणारी दादाची मुलगी विंगेत आली. “काका, वही.”

“अगं, तो विसरला नव्हता. थांबला होता.”

“मग तुम्ही कशाला तोंड उघडलंत?”

“चुकलं माझं. माझ्या नावावर लाव.”

“तुमच्या नावाचा समास नाहीये वहीत.”

“माझ्याकडे बघू नका बरं,” जावई म्हणाला. “मला कसलीच घाई नाही.” मुकुट अजून त्याच्याच हातात होता.

रंगपटात दादा आरशासमोर बसला होता. अर्धी दाढी उतरवलेली, अर्धी तशीच. धाकट्याने दार लोटलं.

“दादा, खरं सांग. आठवत होतं ना?”

“गुरुजींना विचारलं होतंस असं?”

धाकट्याचा चेहरा उतरला. त्याने विचारलं नव्हतं. त्या दिवशी गुरुजीसुद्धा एका ठिकाणी फार वेळ गप्प होते.

मुलगी मागोमाग आली. “बाबा, तुम्ही म्हणाल तेच लिहीन. थांबला होतात, तर भर प्रयोगात राजाचं वाक्य तोडणारा प्रॉम्प्टर मला उद्यापासून नको. विसरला होतात, तर सातवी खूण.”

“नियम कुणाचा?” दादाने विचारलं.

“तुमचाच.”

“मग मला कशाला विचारतेस?”

“कारण तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही.”

त्याने उरलेली दाढी ओढून काढली, हनुवटी लाल झाली. “दोघंही बाहेर व्हा.”

दोघं बाहेर आले. आतून कडी लागली.

पाच चाळीसला मुलीने दार वाजवलं, सहाला पुन्हा. “बाबा, शनिवारच्या प्रयोगाची यादी फलकावर लावायचीय.” आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एवढंच.

सव्वासहाला यादी लागली. राजापुढची जागा कोरी आणि अगदी खाली, प्रॉम्प्टरपुढचीही. फलकाखाली धाकटा वही मांडीवर उघडी टाकून बसला होता. समासात सहा खुणा होत्या. दार उघडलेलं नव्हतं.