तुळसाबाईचा आहेर

माझ्या बायकोने, सीताबाईने, आंधळगावच्या बाजारात पोहे-भज्यांचे दुकान टाकायचे ठरवले, तेव्हा आमच्या घरी कढई एकच होती. तीही दोन माणसांपुरती. जागा मिळाली होती, शेगडी मिळाली होती. कार्तिक पौर्णिमेनंतरच्या बाजाराला दुकान लावायचेच, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. अडले होते ते भांड्यांवर. मोठा गंज, परात, पाण्याचे गुंड, एवढे विकत घ्यायचे म्हणजे हंगामाचे धान त्यातच गेले असते.

"विकत कायले घ्याचे?" ती म्हणाली. "माहे एकतीस भांडे गावात पडून आहेत."

खरेच होते. लग्न होऊन आली तेव्हापासून गावातल्या पोरींच्या लग्नांत तिने भांडी दिली. भंडाऱ्याहून पितळी भांडे आणायचे, त्यावर 'सौ. सीताबाई जागेश्वर यांजकडून' असे कोरून घ्यायचे आणि मांडवात नेऊन ठेवायचे. आमच्याकडे भांडे फिरते. आज तुम्ही दिले, की तुमच्या पोरीच्या लग्नात तेवढेच परत येते. आम्हाला मूलबाळ झाले नाही, म्हणून आमचे एकही परतले नाही. मी कधीच विषय सोडून दिला होता. तिने नव्हता सोडला.

"मंग दारोदारी जाऊन मांगतेस का?" मी विचारले.

"मांगू कायले? लग्न करतो."

"कोनाचं?"

तिने अंगणातल्या तुळशीकडे बोट दाखवले.

तुळशीचे लग्न दरवर्षी होतेच. ऊस बांधायचे, अंतरपाट धरायचा, चिवडा वाटायचा, झाले. या वर्षी तिने पत्रिका छापून आणल्या. 'आमची सुकन्या चि. सौ. कां. तुळसाबाई' असे वर, आणि खाली जिथे लोक 'कृपया आहेर आणू नये' छापतात, तिथे 'आहेर अवश्य आणावा'. मला लाज वाटली. मी वाटायला गेलो नाही. तीच घरोघरी जाऊन देऊन आली.

दिवस मावळताना सारे गाव अंगणात जमले. भुपेंद्रने भोंगा लावला. लग्नात कोणी काय दिले ते तोच पुकारतो. पण पुकारायला काही येईना. देवाचे लग्न, म्हणून जो तो नारळ घेऊन आलेला. पत्रिका खालपर्यंत कोणी वाचलीच नव्हती. मंगलाष्टके झाली, चिवडा संपत आला, पायरीवर नारळांचा ढीग लागला. सीताबाईचा चेहरा उतरला.

"जाऊ दे," मी हळूच म्हटले. "घरच्या कढईतच पाहू काय होते ते."

ती उठली आणि भुपेंद्रच्या हातातून माईक घेतला.

"केशवभाऊ, उठून नका जाऊ! तुमच्या टीनाच्या लग्नात गुंड कोनं देल्ला?"

केशवराव किराणा दुकानदार. त्यांच्या तोंडात चिवडा होता. "तुमीच देल्ला, वयनी."

"आन् रुखमिणी, तुह्या प्रतिक्षाले परात?"

रुखमिणी आमची शेजारीण. "अवो, पन देवाच्या लग्नात भांडे मांगते का कोनी? लोक हासतीन!"

"हासू दे. तुमच्या साऱ्यायच्या पोरींले मी भांडे देल्ले. माही एकच पोरगी हाय, थे पाहा, उभी हाय. तिची पाठवणी नारळावरच करता का?"

कोणी हसले नाही. सारे तुळशीकडे पाहत राहिले. मग रुखमिणीच आधी उठली.

"प्रतिक्षानं परात नेलीच नाई. 'आई, पुन्याच्या खोलीत ठेवू कुठी' म्हने. माळ्यावर पडून हाय. थांब, आनतो."

"माह्या गुंडात त तांदूळ भरला हाय," केशवराव कुरकुरले.

"तांदूळ बी चालते, भाऊ!" सीताबाई माईकमध्येच बोलली, आणि अंगण खदखदून हसले.

त्यानंतर भुपेंद्रला दम घ्यायला फुरसत मिळाली नाही. "रुखमिणीबाईंकडून एक परात! केशवरावांकडून एक गुंड, तांदळासहित!" माळ्यांवरून भांडी उतरली, काही जाळ्याजळमटांसकट आली. ज्यांच्या पोरींनी सासरी नेली होती, त्यांनी घरातले दुसरे आणले. एकतीसपैकी एकोणतीस भरली. उरलेली दोन घरे त्या दिवशी गावाला गेली होती. ती कोणती, हे सीताबाईला पाठ आहे.

दोन दिवस मी चिंच लावून पितळ घासत होतो. लाज कुठे गेली कळले नाही.

बाजाराच्या दिवशी पहिले गिऱ्हाईक केशवराव. भज्यांची प्लेट हातात घेऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिले.

"वयनी, दुकानाले पाटी नाई लावली?"

मी पाण्याचा गुंड त्यांच्याकडे फिरवला. नाव उन्हात चमकत होते.

"लावली ना, जागोजागी लावली," सीताबाई म्हणाली. "चटनी घ्या, भाऊ. तुमच्याच नारळाची हाय."