नळाच्या पाण्यावरचा आळ

यंत्राच्या दोन कांड्या बुडवलेल्या पेल्यातलं पाणी बघता बघता तपकिरी झालं, वर गंजकट फेस आला आणि भरलेल्या हॉलमधून एकच "अगं बाई!" उठलं.

"पाहा, भक्तहो!" जलानंद महाराज माइकमध्ये गरजले. "हे तुमच्या नळाचं पाणी. रोज तुमच्या लेकरांच्या पोटात जातं ते हे विष! आणि शेजारच्या पेल्यात माझं जीवनजल. यंत्र तेच, वीज तीच, पण आहे का एक तरी डाग? अहो, मंत्राच्या कंपनानं पाण्याचा रेणू न् रेणू ध्यानाला बसतो. सहा कोनांच्या आसनात!"

टाळ्यांचा कडकडाट. रेणूला मांडी कुठून आली, हे कुणी विचारलं नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या त्या हॉलमध्ये जमलेली मंडळी पुण्या-मुंबईची, आठवडाभर बँकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकणारी. पण पोरांच्या पोटात विष म्हटलं की भल्याभल्यांचं डोकं चालेनासं होतं, आणि महाराजांचा सगळा धंदा त्या भीतीवरच उभा होता.

तिसऱ्या रांगेत शामला दातओठ खात बसली होती. सोलापूरच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. नवऱ्याबरोबर इथे आल्यापासून ती दर शनिवारी याच हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाचा मुलांचा भाषावर्ग घेई. गेल्या शनिवारी ऐन उकाड्यात तिच्या वर्गातली आर्या घेरी येऊन बाकावरून खाली पडली होती. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. घरचा जीवनजलाचा कॅन संपला होता आणि नवा यायचा होता.

"आई म्हणते, टॅपमध्ये पॉयझन आहे," पोर पुटपुटली होती.

शामलानं तिला घोट घोट करून नळाचं पाणी पाजलं. डॉक्टरांनीही तिनं वेळेवर पाणी प्यायलाच हवं म्हणून बजावलं. पण आर्याची आई मंजूषा उलट शामलावरच उखडली. "मला न विचारता तुम्ही तिला ते पाजलंतच कसं?"

आणि आज मंडळाचा अध्यक्ष अभिराम मंचावरून जाहीर करत होता, "पुढच्या शनिवारपासून वर्गातला नळ बंद. मुलांनी घरून जीवनजलच आणायचं."

"आणि ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्या मुलांनी काय करायचं?" शामला उभी राहिली.

"शामलाताई, प्रश्न नंतर घेऊ."

"नंतर नाही. माझ्या डोळ्यांदेखत एक मूल कोसळलंय." ती सरळ मंचापाशी गेली. "महाराज, तुमच्या पाण्यात चिमूटभर मीठ घालू द्या. मग हेच यंत्र पुन्हा लावा."

महाराजांचं हसू आखडलं. "माताजी, जीवनजलाला संशय सोसत नाही."

"विषाला पुरून उरतं ना ते? मग मिठाला कशाला भ्यायचं?"

"हा श्रद्धेचा अपमान आहे!" मागून कुणीतरी ओरडलं. "खाली बसवा त्यांना!" अभिराम लगबगीनं येऊन कुजबुजला, "ताई, प्लीज, तमाशा नको."

परक्या देशात तिला आपली म्हणावी अशी हीच माणसं होती. पण ती जागची हलली नाही. "मी बसणार नाही. मीठ आणा, नाहीतर मला उचलून बाहेर काढा."

तेवढ्यात मंजूषा उठली. आता ही भांडणार, असंच सगळ्यांना वाटलं. ती गेली हॉलच्या स्वयंपाकघरात आणि महाप्रसादाच्या सामानातला मिठाचा डबा घेऊन आली.

"पडली ती माझी मुलगी होती, महाराज," ती म्हणाली. "मला बघू द्या."

तिनंच मीठ टाकलं, ढवळलं, यंत्राच्या कांड्या पेल्यात बुडवल्या आणि बटण दाबलं. कांड्यांभोवती बुडबुडे उसळले. जीवनजल आधी पिवळसर, मग तपकिरी आणि अखेर नळाच्या पाण्याहूनही गढूळ झालं.



"तुमच्या मनातलं विष उतरलं त्यात!" महाराज किंचाळले. मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं.

"विष नाही, गंज आहे तो," शामला म्हणाली. "या कांड्या लोखंडाच्या आहेत. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. नळाच्या पाण्यात साधे, पोटात गेलेले चालतात असे क्षार असतात. यांच्या कॅनमध्ये क्षार काढलेलं पाणी आहे, आपण इस्त्रीत घालतो तसलं. त्यातून वीजच धड वाहत नाही, तर रंग कुठून येणार? मीठ पडलं आणि वाहिली. मंत्र तोच होता ना?"

"आरती घ्या, आरती!" म्हणत महाराज यंत्राची वायर गुंडाळू लागले. अभिरामनं माइक शामलापुढे धरला. तिनं तो बाजूला सारला.

"सोलापुरात आमच्या गल्लीत नळाला चार-चार दिवस पाणी नसायचं. ज्यांना जमलं त्यांनी बोअर घेतले, जार लावले. मग महापालिकेत जाऊन भांडायला जोरकस माणूसच उरला नाही, आणि हाल झाले ते मागे राहिलेल्यांचे. इथे सुरिनामी शेजारी असोत, घानाचे असोत की आपण, सगळ्यांच्या नळाला एकच पाणी येतं. शंका आली तर पाणी कंपनीला विचारा, तपासणीचे अहवाल मागा. खरंच दोष निघाला तर भांडायला मी तुमच्या पुढे उभी राहीन. पण पाण्याची परीक्षा प्रयोगशाळेत होते, स्टेजवर नाही."

मंजूषाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तिला तहानलेलं ठेवलं, ताई."

"तू घाबरली होतीस. ज्यानं घाबरवलं त्याला जाब विचार."

मंजूषानं मंचाकडे वळून पाहिलं. महाराज मागच्या दारानं पसार झाले होते.

त्या दिवशीही काहींनी कॅन नेलेच. भीती एका दुपारी धुऊन निघत नाही. पण पुढच्या शनिवारी वर्गातला नळ चालू होता आणि मुलं त्याच्याभोवती धक्काबुक्की करत होती.

सगळ्यांचं पाणी नासवायला त्यात विष कालवावं लागत नाही. लोकांच्या मनात भीती कालवली की पुरतं. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी प्रश्न विचारा. कुणी खाली बसा म्हटलं, तर आणखी मोठ्यानं विचारा.