अनंतरावांचा ज्वालामुखी

मुलुंडच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांनी अनंत कारखानीसांना भाषणाला बोलावलं. ते आणि त्यांची बायको शर्मिष्ठा, दोघं नुकतीच इटलीची सहल करून आली होती आणि विषय ठरला होता ‘व्हेसुव्हियसच्या माथ्यावर’.

खरी गोष्ट अशी, की माथ्यावर एकटी शर्मिष्ठा गेली होती. बस थांबली तिथेच अनंतरावांनी वर एकदा नजर टाकली, गुडघे चोळले आणि कॉफीच्या टपरीवर बैठक मारली. ती मात्र सुट्या खडीवरून घसरत, धापा टाकत थेट विवराच्या कठड्यापाशी पोचली. खाली हा मोठा राखाडी खड्डा, कडेच्या भेगेतून निघणारी बारीकशी वाफ, पाठीमागे समुद्र. बसमध्ये परतल्यावर तिने नवऱ्याला सगळं रंगवून सांगितलं. तिथेच चुकलं.

भाषणात खडी, धाप, वाफ सगळं आलं, अगदी तिच्याच शब्दांत. फोटोही तिनेच काढलेले. तळमजल्यावरच्या हर्षदभाईंनी विचारलं, वरच्या एकाही फोटोत तुम्ही कसे नाही? अनंतराव म्हणाले, काढणारा फोटोत कसा येईल? लोक हसले. शेजारच्या नलिनीताईंनी शर्मिष्ठेला हळूच विचारलं, तू खालीच थांबलीस ना गं?

शेवटी सगळ्यांनी ठरवलं, येत्या रविवारी अनंतरावांनीच आपल्याला कान्हेरीला न्यायचं. लेण्यांच्याही वर, डोंगरमाथ्यापर्यंत. अनंतराव गुडघ्यांचं काही बोलू लागले, तोच शर्मिष्ठा म्हणाली, “नेतील की. ज्वालामुखी चढलेत ते.”

लिफ्टमध्ये ते म्हणाले, “अडकवलंस मला.”

“मी काय केलं? मी तर खालीच होते.”

रविवारी मागे अकरा माणसं, त्यामुळे मध्येच बसकण मारायचीही सोय नव्हती. दर वीस पायऱ्यांना अनंतराव थांबत आणि श्वास येईपर्यंत लेण्यांविषयी काहीबाही सांगत. पण पोचले. कातळावर भणाण वारा होता, खाली दाट जंगल, त्यापलीकडे बोरिवलीच्या इमारती. त्यांचे डोळे भरून आले. चौसष्टाव्या वर्षी ते आयुष्यातला पहिला डोंगर चढले होते आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. ते शर्मिष्ठेजवळ सरकले आणि पुटपुटले, “जमलं गं.”

तिला खरं तर चांगलं सुनवायचं होतं. पण त्यांचा लालबुंद चेहरा बघून तिने आधी पाण्याची बाटली पुढे केली.