पंचामृताचा हात

मशीनवर आकडा उमटला, तीनशे ऐंशी, आणि मंगल कार्यालयात बसलेल्या तीन-चारशे माणसांच्या तोंडून एकदमच "अगं आई!" निघालं.

नृसिंह आचार्यांनी समोरच्या म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "घाबरू नका, बाबा. साखर तुमच्या अंगात घरजावयासारखी बसलीय. खाते, पिते, उठायचं नाव घेत नाही. हिला उठवायला मी बारा वर्षं जपानात तप केलंय!"

जपानात तप कुठं करतात, हे कुणी विचारलं नाही.

मग तपकिरी बाटली आली. आत आंबवलेला चहा, नाव कोंबुचा, वर 'जपानहून आयात' अशी सोनेरी पट्टी. काचेच्या एका बरणीत तसाच चहा होता आणि त्यावर पांढुरका जाड पापुद्रा तरंगत होता. आचार्य त्याला 'जिवंत माता' म्हणत. "ही माता साखर खाते! गोड चहात ठेवा, दहा दिवसांत चहा आंबट. बरणीतली साखर खाते, ती तुमच्या अंगातली सोडेल का?" बाटलीचं झाकण फिरवलं की फुस्स् व्हायचं. "ऐका, माता श्वास सोडतेय!" बाया हात जोडायच्या.

म्हाताऱ्यानं शिस्तीप्रमाणं साबणानं हात धुतले, कारण माता अस्वच्छ हाताला चालत नाही. बाटली प्यायला. अर्धा तास भजन झालं. पुन्हा बोट टोचलं तर एकशे पासष्ट. टाळ्यांनी पत्रे हादरले.

मी मागं भिंतीला टेकून उभा होतो. मी केदार, गावातल्या एकुलत्या एका मेडिकलचा मालक. औषधशास्त्राची पदविका भिंतीवर काच लावून टांगली आहे. मनात म्हणालो, यात काहीतरी गफलत आहे. आणि दुसऱ्या दिवशी आचार्यांचा टेम्पो दारात आला तेव्हा दोन खोकी उतरवून घेतली. गिऱ्हाईक मागत होतं, नफा बरा होता. लोकांना मूर्ख म्हणायचा मला काही अधिकार नाही. तरी हे लिहितोय.

आमचं गाव पाथर्डीच्या बाजूचं, कोरडं. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. लंकाबाई पंचवीस वर्षं कोयत्यावर गेली, मग साखरेनं गाठलं. तिच्या घरी फ्रिज नाही, म्हणून तिची इन्सुलिनची बाटली माझ्या दुकानातल्या फ्रिजात, तिच्या नावाच्या डबीत असायची. सकाळ-संध्याकाळ यायची, पडद्यामागं स्वतःच सुई टोचून घ्यायची आणि डबी परत माझ्या हातात द्यायची.

बाटल्या फळीवर लागल्या त्या सकाळी तिनं डबी मागितलीच नाही. फळीवरच्या कोंबुचाकडं बोट दाखवलं.

"त्या चार बाटल्या द्या, केदारभाऊ. सुई आता बास."

"मावशी, इन्सुलिन बंद करू नका," मी म्हणालो. "फार तर हे जोडीला घ्या."

फार तर जोडीला. हे मी बोललो.

"उसाच्या फडावर फ्रिज असतो व्हय?" ती म्हणाली. "मागच्या साली सुईपायी मी जाऊ शकले न्हाई. सून सविता एकटी गेली, पोटुशी असून मोळ्या उचलल्या तिनं. यंदा तिच्या कडेवर तान्हं हाय. त्याला सांभाळायला मी संगं जानार. ह्या बाटलीला फ्रिज लागत न्हाई."

"पण खात्री काय याची?"

"वाईट असती तर तुमी फळीवर कशाला ठिवली असती?"

मी बाटल्या पिशवीत घालून दिल्या.

तिची डबी अकरा दिवस जागची हलली नाही. फ्रिज उघडला की दिसायची. मी फ्रिज लावून टाकायचो.

बाराव्या दिवशी प्रणिता मॅडम दुकानात शिरल्या. त्या आमच्या आरोग्य उपकेंद्राच्या अधिकारी, वय जेमतेम सव्वीस. "लंकाबाईंना आत्ता नगरला पाठवलं," त्या म्हणाल्या. "शुद्ध हरपत होती. टाचेला जखम झाली होती, ती काळी पडलीय." मग फळीवरची बाटली उचलून माझ्यासमोर आपटली. "आयात माल ना? मग आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता कुठाय? अन्न परवान्याचा क्रमांक चौदा आकडी असतो. मोजा."

मी बोट ठेवून मोजले. तेरा भरले.

"गोळ्यांचं पाकीट घेताना बॅच नंबर बघता ना?"



पुढच्या गुरुवारी आचार्यांचा कार्यक्रम होता, त्या मला घेऊनच मंगल कार्यालयात गेल्या. दारात नेहमीसारखं पंचामृत वाटत होते. "घ्या, आणि सगळे करतात तेच करा," त्या म्हणाल्या. मी उजवा तळहात पुढं केला, प्यायलो, ओला हात डोक्यावरून फिरवला. तीर्थाचा हात कुणी धूत नाही, मीही धुतला नाही.

मॅडम मला थेट व्यासपीठाकडं घेऊन गेल्या. "आचार्य, यांची तपासा." नाही म्हणायला त्यांना जागा नव्हती. आकडा आला तीनशे बेचाळीस.

"आँ? केदारभाऊला बी साखर?" दहीवाली बनुबाई ओरडली.

मॅडमनी सगळ्यांसमोर साबणानं माझा हात धुतला, कोरडा केला. तेच मशीन, शेजारचं बोट. अठ्ठ्याण्णव.

"यांनी बाटली प्यायली?"

"न्हाई!" सगळं कार्यालय म्हणालं.

"मग साखर कुठं गेली? मोरीत! पंचामृतात मध ओतलाय. मशीन जी साखर मोजतं, ती मधात भरपूर असते. चिकट बोट टोचलं की रक्ताच्या थेंबात मध मिसळतो. बाटलीच्या आधी हात धुवायला लावतात, म्हणून आकडा उतरतो. उतरली ती हाताची साखर. रक्तातली आहे तिथंच आहे."

"आन् ती माता?" बनुबाईनं विचारलं.

"विरजण. तुम्ही रोज शेजारणीला देता तसलंच, चहाचं. बरणीतली साखर ते खातं, हे खरंय. पण विरजण टोपातल्या दुधाचं दही करतं. ते खाल्लं म्हणून तुमच्या अंगातलं रक्त विरजतं का?"

बनुबाई खो खो हसली. बाकी फारसं कुणी हसलं नाही. बऱ्याच घरांत गोळ्या बंद होत्या.

"श्रद्धा नाही तिथं माता कोपते!" असं म्हणत आचार्य टेम्पोकडं सरकले. पुढं अन्न खात्याची माणसं आली. आचार्यांचं जपान नगरपासून अर्ध्या तासावर, पत्र्याच्या शेडात सापडलं. चहाची पातेली आणि सोनेरी पट्ट्यांचे गठ्ठे. खटला चालू आहे, आचार्य जामिनावर आहेत. दुसऱ्या तालुक्यात तीच बाटली आता कोरियाहून येते म्हणे.

लंकाबाईचा डावा पाय घोट्याच्या वर कापला. टोळी कुणासाठी थांबत नाही, सविता तान्ह्याला घेऊन गेली होती. मी नगरच्या दवाखान्यात तिच्या खाटेशेजारी बसलो.

"त्यो म्हाराज परका मानूस," लंकाबाई म्हणाली. "त्याचं मला कायी वाटत न्हाई. तुमी तर शिकलेले हुते."

 

म्हणून सांगतो, हात जोडून. चमत्कार दिसला तर हात धुऊन पुन्हा तपासा. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. हौस म्हणून आंबट चहा पिणं वेगळं, पण त्याच्या भरवशावर औषध सोडू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि दुकानदारानं फळीवर ठेवलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. त्यालाही विचारा, तू हे तपासलंस का?

आता लंकाबाईची डबी मीच दोन्ही वेळा तिच्या घरी नेतो. परवा मॅडमनी मला एक छोटं मातीचं मडकं आणि त्याहून मोठं दुसरं आणून दिलं. दोन्हींच्या मधे ओली वाळू, आतल्या कोरड्या मडक्यात इन्सुलिन. फ्रिज नसला तरी फडावर असं गार राहतं. मला ते नवं नव्हतं, पदविकेच्या वर्षातच शिकलो होतो. फडावर फ्रिज असतो का, असं लंकाबाईनं मला विचारलं होतं. तेव्हा हे दोन वाक्यांत सांगायचं सोडून मी बाटल्या पिशवीत भरत होतो.