तळघरात फुटणाऱ्या बाटल्या

पहिला आवाज झाला तेव्हा ऊर्मिलाला वाटलं, वरच्या मजल्यावर कुणाचं तरी काही पडलं. दुसरा झाला आणि तिच्या हातातलं लाटणं निसटलं. आवाज केलरमधून, म्हणजे तळघरातून, आला होता. सासूबाई नुकत्याच तिथे मशीनमधले कपडे काढायला गेल्या होत्या.

जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या त्या इमारतीत प्रत्येक घराला तळघरात एक खोली होती. यांच्या खोलीत आतल्या टोकाला मशीन होतं आणि दाराशीच, मांडणीवर, ऊर्मिलाने घरी केलेल्या बिअरच्या बाटल्या होत्या. आंबणं पुरतं थांबायच्या आतच तिने घाईने त्या भरल्या होत्या, साखरही अंदाजाने घातली होती. त्यात हा उकाडा. आत गॅस कोंडला होता.

ती धावत जिना उतरली. "आई!"

"येऊ नकोस गं! काचा उडतायत!" दाराआडून रडवेला आवाज आला.

"मशीनमागे खाली बसा. तोंड झाका. आलेच मी!"

ती वर पळाली. थंडीतलं जाड जॅकेट, हातमोजे, नवऱ्याचा, मयुरेशचा, स्कीइंगचा चष्मा, बूट आणि जाड दुलई. पुन्हा खाली येऊन तिने दार उघडलं.

आत आंबूस वास होता आणि फरशीभर काचा. मांडणीवर अजून पंचवीसेक बाटल्या उभ्या होत्या. दुलई आडवी धरून ती भिंतीला घासत मशीनपर्यंत पोचली. सासूबाई कानांवर हात ठेवून बसल्या होत्या. बोटांमधून रक्त ओघळत होतं.

"अहो आई, दुलईत शिरा. पळू नका, घसराल."

दाराशी पोचताच तिसरी फुटली. दुलईवर दगड बसावा तसा दणका बसला. सासूबाई किंचाळून खालीच बसल्या. ऊर्मिलाने त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं आणि दार लावून घेतलं.

सासूबाईंच्या कानाची पाळी कापली होती, एवढंच. पण दुलईत, मानेच्या उंचीवर, बोटभर काच रुतली होती. दोघी त्या काचेकडे बघत राहिल्या.

"काय होतं गं त्या बाटल्यांत?" सासूबाईंनी विचारलं.

"बिअर. मी केलेली." तिची मान वर होईना. "तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही."

सासूबाईंनी कानाला पदर दाबला. मग म्हणाल्या, "बाकीच्या?"

"त्याही फुटतील. गार होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"मयुरेशला फोन कर. मी इथेच बसते. आवाज ऐकून शेजारचं कुणी आत शिरलं तर?"

"जर्मनमध्ये काय सांगाल त्यांना?"

"हात आडवा करीन."

आत आणखी एक फुटली. सासूबाईंनी सुनेचं मनगट घट्ट पकडलं.